चाळीस चिठ्ठ्यांची व्हॅन

१

व्हॅन पांढरी होती की फिकट पिवळी, हे प्राध्यापकांना आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यांची बायको म्हणते पांढरी. ज्याची ती व्हॅन होती तो बायकोचा धाकटा भाऊ म्हणतो, "भाऊजी, राखाडी होती." एका व्हॅनचे तीन रंग, आणि तिघंही शपथेवर सांगायला तयार. अडतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसापुढे अशा वेळी एकच वाट उरते. रंगाचं नाव काढायचं नाही. तेव्हा रंग सोडून द्यावा आणि बाकीचं ऐकावं. बाकीच्याबद्दल त्यांची खात्री बरीच आहे. म्हणजे, होती.

प्राध्यापकांचा स्वभाव शंकेखोर. घराला कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचे, परत येऊन कुलूप ओढून पाहायचे, पुन्हा जिन्यापर्यंत जायचे, आणि आपण कुलूप ओढल्याचं जे आठवतंय ते आजचं की कालचं, या विचारानं पुन्हा वर यायचे. "ताई, तुमच्याकडे चोर आलाच ना, तर त्याला भाऊजी तीनदा भेटतील," असं मेव्हणा म्हणायचा.

ताई म्हणजे प्राध्यापकांची बायको. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, म्हणून दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला बाई म्हणत. प्राध्यापकही मनातल्या मनात बाईच म्हणत. तोंडानं मात्र "अगं".

त्या वर्षी बाईंच्या मानेवर एक गाठ आली. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निकालाला दहा दिवस लागतील असं सांगितलं.

"दहा दिवस घरात बसून तुमचं तोंड बघायचं?" बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा भावाची व्हॅन घेऊ आणि जुनी गावं बघून येऊ. निकाल काय, तो आपल्याशिवाय कुठे जात नाही."

या दोघांचं एक जुनं भांडण होतं. आधी कोण जाणार, हे ते भांडण. लोक जेवणाच्या पंगतीवरून भांडतात तसं हे दोघं यावरून भांडायचे.

"आधी मी," प्राध्यापक म्हणायचे. "मी पाच वर्षांनी मोठा आहे."

"आणि मागचं सगळं मी आवरायचं. लग्नापासून तेच चाललंय."

"अगं, पण तू आधी गेलीस तर मला साधा चहा करता येत नाही."

"मग शिका. मला रिकाम्या घरात एक दिवस जमणार नाही. मीच आधी."

गाठ आल्यापासून हे भांडण एकाएकी बंद पडलं. दोघांपैकी कोणी ते काढेना. प्राध्यापकांना गाठीपेक्षाही त्या गप्प बसण्याची धास्ती वाटू लागली. आपल्याला मागे राहायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्यात निःशंकपणे ठाऊक होती, आणि ती फार स्वार्थी आहे हेही ठाऊक होतं.

२

व्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत दोन समोरासमोर बाकं, मध्ये दुमडतं टेबल, मागे पलंग, कडेला शेगडी आणि इवलंसं बेसिन. मेव्हण्यानं व्हॅन देताना पाऊण तास सूचना दिल्या. प्राध्यापकांनी त्या लिहून घेतल्या, आणि आपण त्या विसरणार हे जाणून प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी चिकटवली. जाड पुठ्ठा, काळी शाई, सुवाच्य अक्षर, वर क्रमांक. क्रमांक सात, चष्म्याचं घर. क्रमांक नऊ, उशी (बाई). क्रमांक चौदा, किटली, झाकण गरम असते. क्रमांक तेवीस, डबा, यात काही नाही.

"ज्यात काही नाही त्यावर चिठ्ठी कशाला?" बाईंनी विचारलं.

"उघडून बघायला लागू नये म्हणून."

एकूण चिठ्ठ्या झाल्या चाळीस. शिवाय वळणावर खण उघडून बाहेर यायचे, म्हणून प्राध्यापकांनी एक जाड तांबडी दोरी या हुकापासून त्या हुकापर्यंत आडवी ताणून बांधली. आता खण जागच्या जागी राहू लागले. त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. वाटायला नको होता.

पहिलं गाव दगडी होतं. दोनशे वर्षांपूर्वी लोक जसे राहत तसंच सगळं राखून ठेवलेलं. तांबटाचं घर, विणकराचं घर, सुईणीचं घर. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी तांबडी दोरी, प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची चिठ्ठी, आणि मध्ये कपडे घातलेले पुतळे. सुईण तर अशी हुबेहूब होती की प्राध्यापकांनी तिला नमस्कार केला.

घरं बघून झाल्यावर दोघं व्हॅनचं दार उघडं टाकून जेवायला बसले. प्राध्यापकांच्या तोंडात अर्धं उकडलेलं अंडं होतं, तेवढ्यात एक जाडजूड बाईमाणूस पायरी चढून आत आलं. मागोमाग तिचा नवरा.

"अहो, हे बघा! हल्लीचं घरसुद्धा दाखवलंय."

नवऱ्यानं हात पाठीमागे बांधले आणि वाचायला सुरुवात केली. "'क्रमांक तेवीस, डबा, यात काही नाही.' प्रामाणिक आहेत लोक."

"म्हातारी छान जमलीय. म्हाताऱ्याचं तोंड जरा वाकडं झालंय पण."

"कारागीर तरी काय करणार? मूळ माणूसच तसा असेल."

त्या बाईनं दोरीवरून हात लांब करून प्राध्यापकांचा गाल दाबला. "इश्श! मऊ आहे हो. काय काय बनवतात हल्ली!"

प्राध्यापकांना ना अंडं गिळता येईना ना बोलता येईना. आता बोललो तर ही किंचाळेल, आणि किंचाळली तर मला ठसका लागेल, असा त्यांचा तर्क चालला होता. समोर बाई पुतळ्यासारख्या ताठ बसल्या होत्या, कारण जरा हलल्या असत्या तर हसू फुटलं असतं. जोडपं सावकाश उतरून गेलं. मग बाई इतक्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं.

"मला वाटतं आपण चिठ्ठ्या काढून टाकाव्यात," अंडं गिळून प्राध्यापक म्हणाले.

"खबरदार हात लावाल तर!" बाईंनी डोळे पुसले. "दोन महिन्यांत आज पहिल्यांदा हसले मी."

चिठ्ठ्या राहिल्या.

३

दुसऱ्या गावात बाईंनी सूत्रं हाती घेतली. स्नेहसंमेलनाची नाटकं बसवण्याचा तीस वर्षांचा अनुभव.

"तुम्ही पेपर धरा. उलटा धरलात. चेहरा विद्वान करा."

"हाच माझा विद्वान चेहरा."

"मग पेपर वर धरा."

लोक येत गेले. एकानं प्राध्यापकांच्या स्वेटरची शिवण तपासली. दोन मैत्रिणींनी "आपल्या आत्याचं घर असंच" म्हणून उसासे टाकले. एका गृहस्थानं पुतळ्यांना धूळ लागते अशी तक्रार पुतळ्यांसमोरच केली. बाई मिटल्या डोळ्यांनी बसल्या होत्या, ओठांचे कोपरे तेवढे थरथरत होते.

दुपारी काठी टेकत एक म्हातारा आणि त्याची बायको आली. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"मागच्या वेळी किटली खिडकीपाशी होती," तो म्हणाला.

"तुम्हाला काय आठवतंय, कप्पाळ! काल काय जेवलात ते सांगा आधी."

"अगं, आठवतंय. खिडकीपाशी होती. आणि इथे दोघं नव्हती. एकच जण बसलं होतं."

"कोण? हे का ही?"

म्हाताऱ्यानं प्राध्यापकांकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग पुन्हा प्राध्यापकांकडे. "ते नाही बुवा आठवत," म्हणून तो पायरी उतरला.

किटली खिडकीपाशी होती हे खरं होतं. कालपर्यंत होती. काल सकाळी एका पेट्रोल पंपावर त्यांनी ती शेगडीच्या उजवीकडे हलवली, कारण पडद्याला वाफ लागत होती. व्हॅन घेऊन मेव्हण्याला तीनच महिने झाले होते आणि त्यानं ती अजून वेशीबाहेर नेलेली नव्हती.

त्यांनी शक्यता मांडल्या. एक, म्हाताऱ्यानं दुसरी व्हॅन पाहिली असेल. दोन, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नसेल. तीन, आपलं नसेल. पहिल्या दोहोंना पुरावा नव्हता आणि तिसरीला भरपूर होता, म्हणून त्यांनी पहिली पकडली.

"ऐकलंस का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय? मला डुलकी लागली होती."

फळ्याकडे तोंड करून शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकणारी ही बाई. पण डुलकी ती डुलकी. प्राध्यापकांनी किटली पुन्हा खिडकीपाशी ठेवली. मग वाटलं, हे तर म्हाताऱ्याच्या म्हणण्यासारखं झालं. पुन्हा शेगडीच्या उजवीकडे. असं चार वेळा झाल्यावर बाईंनी किटली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि चहा टाकला.

४

तिसरं गाव टेकडीवर होतं, खाली पायथ्याशी जुना राजवाडा, आणि वर वारा फार. सकाळचे दहा वाजले असतील. प्राध्यापक पेपर धरून, बाई हात मांडीवर ठेवून. आज नाटकात पूर्वीसारखा जीव नव्हता, पण बाईंनी दार उघडलं म्हणून प्राध्यापक बसले.

आधी एक मिटलेली काळी छत्री आत आली, मग ती उंच धरणारा माणूस, मग त्याच्या मागे ओळीनं अकरा जण. प्राध्यापकांनी अकरा मोजले. एवढ्याशा व्हॅनमध्ये अकरा जण मावतात कसे, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. त्यांचं लक्ष खाली गेलं होतं. सगळ्यांच्या पायात नुसते मोजे होते. बूट त्यांनी बाहेर काढून पायरीपाशी ओळीत लावले होते.

आजवर कोणी बूट काढले नव्हते.

छत्रीवाला हळू आवाजात बोलत होता. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. "क्रमांक सात. चष्म्याचं घर. चष्मा शेवटपर्यंत यात कधीच ठेवला गेला नाही." कोणीतरी मायेनं हसलं. "क्रमांक नऊ. उशी. 'बाई' असं लिहिलंय, बघा. मनातल्या मनात ते तिला बाईच म्हणत, तोंडानं मात्र कधी नाही."

पेपरातली अक्षरं प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर विरघळली. ही गोष्ट जगात कोणाला माहीत नव्हती. खुद्द बाईंना नव्हती.

छत्रीवाला सगळं सांगत गेला. शेगडी, बेसिन, पलंग. घाई नाही, गडबड नाही. "क्रमांक चाळीस. दिव्याचं बटण." आता संपेल, असं प्राध्यापकांना वाटलं.

"क्रमांक एक्केचाळीस."

अकराही जण वळले आणि दोन बाकांच्या मधल्या जागेकडे वाकले. टेबलाआड काय होतं ते प्राध्यापकांना बसल्या जागेवरून दिसेना. ती माणसं काहीतरी वाचत होती, हे त्यांच्या हलणाऱ्या ओठांवरून कळत होतं. एकानं सुस्कारा सोडला. एका मुलीनं आईचा हात धरला.

"एक गेल्यावर दुसरं राहिलं, ते असं," छत्रीवाला म्हणाला. "काहीही हलवलं नाही."

"आधी कोण गेलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते इथे नाही. ते राजवाड्यात, उत्तरेच्या दालनात बघायला मिळेल. तिथे गर्दी करू नका, जमीन जुनी आहे."

ते जसे आले तसे ओळीनं उतरले. बूट घालतानाचा आवाजही आला नाही. प्राध्यापक गुडघ्यांवर हात दाबून उठले आणि आधी बाकांच्या मध्ये पाहिलं. टेबलाचा पाय, पावाचा चुरा, बस्स. त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या. चाळीस. पुन्हा मोजल्या. चाळीस. तिसऱ्यांदा एकोणचाळीस भरल्या, पण एक चिठ्ठी त्यांच्या पँटला चिकटली होती.

मग ते दारात गेले. गल्ली सरळ होती आणि रिकामी. म्हाताऱ्या माणसाला उठायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अकरा माणसं कुठेही जाऊ शकतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती समजूत फार काळ टिकणारी नाही हेही त्यांना कळत होतं.

मागे वळून पाहिलं तर बाई डोळे मिटून बसलेल्या.

"झोपलीस?"

"हं," बाई म्हणाल्या. "वारा छान सुटलाय."

५

राजवाड्यापर्यंत गाडी चालवताना दोघांत दोनच वाक्यं झाली. "डावीकडे." "माहीत आहे."

व्हॅन झाडाखाली उभी केल्यावर बाई म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतायत. तुम्ही बघून या. मी जरा आडवी होते."

एरवी प्राध्यापकांनी सतरा प्रश्न विचारले असते. आज त्यांना एकट्यालाच जायचं होतं. उत्तरेच्या दालनात जे काही असेल ते बाईंनी बघायला नको. त्यांनी बाईंवर पांघरूण घातलं, व्हॅनचं दार लावलं, ओढून पाहिलं, निघाले, परतले, पुन्हा ओढून पाहिलं.

"अहो, जा ना!" आतून आवाज आला.

बागेत एक बाक होतं. धीर गोळा करायला ते तिथे बसले. धीर गोळा व्हायला पाऊण तास लागला.

राजवाडा बाकी राजवाड्यासारखाच होता. उंच छतं, डाग पडलेले आरसे, आणि प्रत्येक खोलीत वेगळी वेळ दाखवणारं घड्याळ. उत्तरेकडच्या बाजूला जाणाऱ्या दाराशी स्टुलावर एक रखवालदारीण बसली होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"आजोबा, आरशाचं दालन तिकडे."

"मला उत्तरेचं बघायचंय."

"तिथे काय बघणार? पाच मोकळ्या खोल्या. आज सगळ्यांना झालंय तरी काय?" ती पुटपुटली. "जा. सावकाश चाला, जमीन करकरते. आणि खाली पडलात तर मला हाक मारू नका, माझीही कंबर धरलीय."

पाच खोल्या एकापुढे एक होत्या, दारं एका रेषेत. पहिली रिकामी. दुसरीत पाऊल टाकलं तेव्हा पुढून आवाज आला, हळू, सावकाश. "क्रमांक चौदा. किटली."

प्राध्यापक थबकले. मग घाईनं तिसऱ्या खोलीत गेले. रिकामी. खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या आणि फटींतून येणाऱ्या उन्हात धूळ. चौथीच्या पलीकडून, "क्रमांक तेवीस. डबा." कोणीतरी हसून म्हणालं, "प्रामाणिक आहेत."

परत फिरावं, असं त्यांना मनापासून वाटलं. परत फिरण्याच्या बाजूनं त्यांच्याकडे सात मुद्दे होते. पुढे जाण्याच्या बाजूनं एकच. परवा निकाल येणार होता.

पाचव्या दारात पाठीच पाठी होत्या. मोज्यांतले पाय, अकरांचे बावीस. खांद्यांवरून दिसेना. ते टाचा उंचावून उभे राहिले, दिसेना. बाजूनं वाकले, दिसेना. शेवटी ते खूप खाली वाकले, आणि नेमक्या त्या क्षणी त्यांचा उजवा गुडघा अडकला. अडतीस वर्षं ताठ मानेनं व्याख्यानं देणारा हा विद्वान राजवाड्याच्या जमिनीवर रांगत्या मुलासारखा अडकून पडला, आणि तिथून, पायांच्या मधून, त्याला दिसलं.

तांबडी दोरी. दुमडतं टेबल. बाकावर बाई बसल्या होत्या.

त्यांचे केस पांढरेशुभ्र होते. त्या काळी बाई न चुकता केस काळे करत. पाठ मात्र तीच, शिक्षकांच्या खोलीतली, ताठ. पुढ्यात एकच कप. समोरच्या बाकावर घडी केलेला पेपर आणि त्यावर प्राध्यापकांचा चष्मा. दुसरं कोणी नव्हतं.

पुतळाच आहे, प्राध्यापक मनाशी म्हणाले. मेणाचा असणार.

बाईंनी कप उचलला आणि चहावर फुंकर घातली.

मग कप खाली ठेवला आणि पाठीमागे कोणी खोडी काढतंय हे कळल्यासारखी, सावकाश, त्यांनी मान वळवायला सुरुवात केली.

प्राध्यापकांचा गुडघा आपोआप सुटला. शेजारी एक अरुंद दार होतं, त्यातून ते बाहेर पडले ते थेट बागेत. पंचवीस वर्षांत ते एवढे धावले नव्हते. बाकावर कोसळल्यावर श्वास जागेवर यायला वेळ लागला, आणि श्वास आला तसा विचारही आला. केस पांढरे होते. म्हणजे बाई म्हाताऱ्या होणार. म्हणजे गाठीचं काही नाही. मागे बाई राहणार, आणि आधी जाणार ते आपण.

त्यांना हसू फुटलं. आपल्या बायकोला एकटीला चहा पिताना पाहून आपण हसतो आहोत, याची त्यांना लाज वाटली. लाज वाटत असतानाही हसू थांबेना. एका माळ्यानं येऊन पाणी हवं का म्हणून विचारलं.

६

व्हॅनमध्ये बाई उठून बसल्या होत्या. गाल लाल झालेले, आणि धाप लागलेली.

"झोप झाली का?"

"गाढ," बाई म्हणाल्या. त्याही कुठल्याशा आनंदात दिसत होत्या. "राजवाडा कसा होता?"

"मोठा होता."

"असणारच." बाईंनी किटली त्यांच्या हातात दिली. "इकडे या. आज चहा तुम्ही करायचा."

"मी?"

"तुम्हीच. आधी पाणी. एवढं नाही हो, अंघोळ करायचीय का? आता उकळू दे. बघत बसा. पावडर आत्ता नाही. कधी घालायची ते सांगा पाहू."

"उकळल्यावर."

"शाब्बास. उद्या पुन्हा. परवा पुन्हा. पाठ होईपर्यंत."

चहा भयंकर झाला. दोघांनी तो चवीनं प्यायला. मग प्राध्यापकांनी वही उघडली आणि महत्त्वाची कागदपत्रं कपाटाच्या कोणत्या खणात आहेत, घरातला फ्यूज कसा बदलायचा आणि नळाचं पाणी मुळात कुठून बंद करायचं हे बाईंना सांगायला घेतलं. बाईंनी नेहमीसारखी जांभई न देता सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून त्यांच्याकडे बघून दयेनं हसत. परतीच्या वाटेवर दोघंही गुणगुणत होते. चिठ्ठ्या बाईंनीच काढून टाकल्या. नाटक पुरे झालं म्हणाल्या.

निकाल आला. गाठ साधी होती. परगावची लेक फोनवर रडली, हसली, पुन्हा रडली.

"मला माहीतच होतं," प्राध्यापक म्हणाले.

बाईंना मात्र निकाल पटेना. त्या डॉक्टरांसमोर बसून राहिल्या. "नीट तपासलंय ना? कोणाच्या पेपराला कोणाचे मार्क तर दिले नाहीत?"

"बाई, आनंद माना!" डॉक्टर म्हणाले.

"मानते," बाई म्हणाल्या, "पण एकदा पुन्हा बघा."

पुन्हा पाहिलं. गाठ साधीच होती. त्या रात्री बाई फोनवरही विचारात पडलेल्या होत्या, आणि लेकीला वाटलं, ताण उतरला की असं होतं.

७

याला बारा वर्षं झाली. प्राध्यापक शहाऐंशींचे, बाई एक्क्याऐंशीच्या. बाईंनी केस काळे करणं सोडलं त्या सकाळी प्राध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. चहा आता तेच करत, आणि उत्तम करत. त्यानंतर काही महिने ते आपली औषधं, आपला जिना, आपले फ्यूज यांच्याबद्दल फार सावध राहिले. शेवटी एका संध्याकाळी त्यांना राहवेना. त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. पाच खोल्या, गुडघा, एक कप.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. त्याच खोलीत. तुम्ही एकटेच बसला होतात. चहा करून घेतला होतात, आणि बशीत ओतून पीत होतात. म्हणून तर शिकवायला घेतला. दाढी वाढलेली. माझी शाल समोरच्या बाकावर घडी करून ठेवलेली. मी नव्हते."

"तू व्हॅनमध्ये झोपली होतीस!"

"तुम्ही बागेत बसला होतात. तुमच्या पाठीमागून गेले. पाठमोरे तुम्ही खरंच विद्वान दिसता." बाईंचा आवाज जरा बारीक झाला. "ते सगळं मीही ऐकलं होतं व्हॅनमध्ये. मग तिथे तुम्ही मान वळवायला लागलात, तशी मी कडेच्या दारानं पळाले. आनंदात होते हो मी. आता माझा नंबर आधी, म्हणून. तर त्या मेल्या डॉक्टरनं..."

"दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही," प्राध्यापक म्हणाले.

"मग दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय. मी शाळा चालवलीय, मी खोटं बोलत नाही."

"मी तर्कशास्त्र शिकवलंय."

"तेच म्हणते मी."

बारा वर्षांनी ते भांडण पुन्हा सुरू झालं, आणि घरात जरा बरं वाटू लागलं. पण प्राध्यापकांना शंका स्वस्थ बसू देईना. दालनात काय होतं ते आता पडताळता येणार नव्हतं. बाई त्या दिवशी खरोखर तिथे गेल्या होत्या का, एवढं पडताळता आलं असतं. त्यांनी राजवाड्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. तारीख घातली, कारण विचारू नये अशी विनंती केली, आणि पत्र टाकल्यावर पेटीत हात घालून ते खाली पडल्याची खात्री करून घेतली.

उत्तर यायला तीन महिने लागले. लिफाफ्यात वहीच्या एका पानाची छायाप्रत होती. उत्तरेच्या बाजूची जमीन कमकुवत असल्यानं त्या काळी आत जाणाऱ्या प्रत्येकाची दाराशी सही घेतली जायची, येतानाची आणि जातानाची. आपण सही केल्याचं प्राध्यापकांना मुळीच आठवत नव्हतं, पण सही त्यांचीच होती, बारीक, दोनदा गिरवलेली. वेळ बारा वाजून पाच मिनिटं. तिच्या वरच्याच ओळीत, ठळक, फळ्यावर लिहिल्यासारखी बाईंची सही. अकरा पन्नास.

खाली कार्यालयाच्या लिपिकानं टंकलिखित शेरा जोडला होता. बाई खांद्यावरून वाकून वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी प्राध्यापकांचा दंड धरला, आणि तो सोडला नाही.

'उपरोक्त दिनांकी दालनातून बाहेर पडल्याच्या रकान्यात आपणांपैकी कोणाचीही सही आढळत नाही. सबब आमच्या दप्तरी आपण उभयता अद्याप आतच आहात.'